ऑस्करसोबत कोणते मासे ठेवायचे? मोठ्या माशांचे जोडीदार निवडायची पद्धत

दुकानात दोन-अडीच इंचाचं ऑस्करचं पिल्लू इतकं गोड दिसतं की माणूस दोन ऑस्कर, सोबत चार शार्क (दुकानात या नावाने विकतात तो मासा), एक सकर (काचेला तोंडाने चिकटून राहणारा कॅटफिश) आणि रंगाला बरे म्हणून दोन पॅरट मासे असं सगळं एकाच पिशवीत भरून घरी घेऊन येतो. मग सहा-आठ महिन्यांनी कुणाचे पंख फाटलेत, कुणी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलंय आणि एकदोन मासे तर गायबच झालेत. यात माशांचा काहीच दोष नसतो, जोड्या आपण चुकीच्या लावलेल्या असतात. मी इथे ऑस्कर धरूनच सांगतोय कारण आपल्याकडे मोठ्या माशांचा नाद बहुतेकांना ऑस्करपासूनच लागतो, पण हीच पद्धत सेव्हरम, अरोवाना अशा कुठल्याही मोठ्या माशाला लावता येईल.

पायरी १ : आधी मुख्य मासा ठरवा, आणि तो पूर्ण वाढल्यावर केवढा होणार ते बघा

टँकमधला हिरो एकच ठेवायचा आणि बाकी सगळे त्याच्या हिशोबाने निवडायचे. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. टँकमध्ये आरामात १० ते १२ इंच होतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या पुढेही जगतो. लहानपणी महिन्याला जवळपास इंचभर वाढतो, म्हणजे आज घेतलेलं पिल्लू वर्षाच्या आत हाताच्या पंजापेक्षा मोठं झालेलं असतं. त्यामुळे दुकानात दिसणारा साईज विसरून जा. दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच, "हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?" उत्तर गोलमोल आलं तर त्या दिवशी मासा न घेता घरी या, मोबाईलवर शोधा आणि मग ठरवा.

पायरी २ : टँक मोजा

उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हे मासे आडवे फिरतात आणि आपली हद्द तळावर आखतात.

४ × १.५ × १.५ फुटाचा टँक म्हणजे साधारण २५० लिटर. यात एक ऑस्कर, बस. फार वाटलं तर तळाला एक चांगला वाढलेला ब्रिसलनोज (सकरच्याच जातकुळीतला, पण छोटा राहणारा मासा). यापेक्षा जास्त भरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

५ × २ × २ म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर. खरा कम्युनिटी टँक, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवायचा टँक, इथून सुरू होतो. एक ऑस्कर, ५ सिल्व्हर डॉलर आणि तळाला एक सेनेगल बिचिर, ही माझी सगळ्यात आवडती जुळणी आहे आणि पहिल्यांदा मोठा टँक लावणाऱ्या प्रत्येकाला मी हीच सांगतो.

६ × २ × २ असेल तर याच यादीत एक सेव्हरम वाढवता येतो.

(फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाच-सहा फुटी टँकचं पाणी, काच, रेती, स्टँड मिळून अर्ध्या टनाच्या वर वजन जातं हे लक्षात ठेवा, टँक बीमच्या जवळ भिंतीला लावून ठेवा आणि बिल्डिंग जुनी असेल तर आधी जाणकार माणसाला दाखवून घ्या.)

पायरी ३ : तोंड बघा, मग अंगाचा आकार बघा

ऑस्करच्या तोंडात जे मावतं ते तो आज ना उद्या खाणार. गप्पी, मोली, टेट्रा, छोटे बार्ब हे सगळे बाद. पण इथे एक बारकावा आहे, मासा नुसता लांब असून चालत नाही, अंगाने उंच पाहिजे. सिल्व्हर डॉलर पाच-सहा इंचाचाच असतो पण ताटलीसारखा उंच असल्यामुळे घशात जात नाही. उलट बिचिर सापासारखा बारीक, त्यामुळे चार इंचाचा बिचिर मोठ्या ऑस्करपुढे सोडला तर गेलाच समजा, ऑस्कर मोठा असेल तर बिचिर सात-आठ इंचाचाच घ्यायचा.

आणि काटे! पिक्टस कॅटफिश, कोरीडोरस यांच्या पंखांना ताठ काटे असतात, क्लाऊन लोचच्या डोळ्याखाली काटा असतो. ऑस्करने असा मासा गिळायला तोंडात घेतला की तो मासा काटे उघडतो आणि घशात अडकतो, मग दोघंही मरतात. म्हणून छोटा कॅटफिश "तळ साफ करेल" म्हणून टाकायचा नाही म्हणजे नाही.

पायरी ४ : स्वभाव जुळवा

ऑस्कर दांडगट आहे पण खुनशी नाही. तो ढकलतो, हुसकावतो, मध्ये आलेली रोपं उपटून टाकतो, पण पाठलाग करून मारणं हा त्याचा रोजचा धंदा नाही. त्यामुळे त्याला मवाळ पण अंगाने भक्कम असा सोबती लागतो.

जमतात ते : सिल्व्हर डॉलर, सेव्हरम, टिनफॉइल बार्ब (हा फुटभर होतो, ५-६ चा थवा लागतो, म्हणजे टँक सहा फुटाच्या वरचाच), सेनेगल बिचिर. सिल्व्हर डॉलर थव्याने वरच्या-मधल्या पाण्यात निवांत फिरत असले की ऑस्करलाही आसपास धोका नाही असं वाटतं आणि तो लपून न राहता मोकळा फिरतो, हा फरक प्रत्यक्ष बघण्यासारखा असतो. पण एकदोन घेऊ नका, पाच तरी घ्या, एकटा सिल्व्हर डॉलर घाबरून काचेवर आपटतो.

पॅरट मधलं प्रकरण आहे. त्याचं तोंड पूर्ण मिटत नाही म्हणून भांडणात तो लंगडा पडतो. साईज सारखा असेल आणि ऑस्कर शांत निघाला तर जमतं, नाहीतर पॅरटला सिल्व्हर डॉलर आणि सेव्हरमसोबत वेगळ्या टँकमध्ये ठेवा, तिथे तो जास्त सुखी असतो.

फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल, जॅग्वार हे सिक्लिड (ऑस्करच्याच कुळातले मासे) ऑस्करसोबत अजिबात नाहीत. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा मासा आहे. कन्व्हिक्ट छोटा दिसतो म्हणून फसू नका, जोडी जमली आणि अंडी घातली की अख्खा टँक ते डोक्यावर घेतात. तसंच दोन ऑस्करचं, नर-मादी नुसतं बघून कळत नाही, जोडी लागली तर अंड्यांच्या काळात बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून ठेवतात.

पायरी ५ : पाणी आणि खाणं एकच चालतंय का

दुकानातले बहुतेक ऑस्कर फार्मवर वाढलेले असतात, त्यामुळे नळाच्या पाण्यात क्लोरीन काढून आरामात राहतात, तापमान २५ ते २८ अंश ठेवा. गोल्डफिश थंड पाण्याचा, तो इथे नको. आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे रंगीत सिक्लिड जड (क्षार जास्त असलेल्या) पाण्याचे आणि स्वभावाने वेगळेच, तेही नको.

खाण्यात अडचण अशी की ऑस्कर वरचं सगळं दोन मिनिटांत संपवतो. सिल्व्हर डॉलरला पाला लागतो, उकडलेला पालक किंवा काकडीची चकती द्या. बिचिरला कमी दिसतं, तो वासाने खाणं शोधतो, म्हणून रात्री लाईट बंद केल्यावर त्याच्यासाठी तळाला बसणारे पेलेट (खाण्याच्या गोळ्या) टाका. ऑस्करला जिवंत गोल्डफिश खायला घालायची हौस अनेकांना असते, कृपा करून करू नका, त्यातून रोग येतात आणि गोल्डफिशमधल्या एका घटकामुळे बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

पायरी ६ : दुकानात या नावांना "नाही" म्हणा

टायगर शार्क किंवा नुसता शार्क म्हणून विकतात तो पंगासियस, खायच्या माशाची जात, तीन-चार फुटांपर्यंत जाणारा आणि घाबरला की काचेवर डोकं आपटून घेणारा. पिरान्हा म्हणून देतात तो बहुतेक वेळा पाकू असतो, म्हणजे आपल्या मच्छी मार्केटला मिळणारा रूपचंद, त्याला घरातला टँक पुरत नाही. रेडटेल कॅटफिश तीन इंचाचा असताना फार देखणा दिसतो पण तीन फुटांच्या वर जातो आणि वाटेतल्या सगळ्यांना गिळतो. साधा सकरही फुटाच्या वर जातो, घाण साफ करण्यापेक्षा जास्त घाण करतो, आणि रात्री ऑस्करच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो, अंगावर गोल चट्टे दिसले तर आधी सकरवर संशय घ्या.

पायरी ७ : एकत्र सोडताना

नवीन मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा, पांढरे ठिपके किंवा बुरशी असेल तर तिथेच कळतं. ही पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात आणि सगळ्यात जास्त मासे इथेच जातात.

सोडायचा क्रम असा, आधी सिल्व्हर डॉलर आणि बिचिर, ऑस्कर सगळ्यात शेवटी. ऑस्कर आधीपासून असेल तर दगड-लाकडं सगळी हलवून नवीन मांडणी करा म्हणजे त्याची जुनी हद्द मोडते, त्याला पोटभर खायला घाला, लाईट बंद करा आणि मग नवीन मासा सोडा. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून, थोडं थोडं टँकचं पाणी त्यात घालून, मग जाळीने मासा उचलून सोडायचा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. झाकण घट्ट लावा, बिचिर फटीतून बाहेर पडतो, आणि तो वर येऊन हवा घेतो म्हणून पाणी काठोकाठ भरू नका.

पायरी ८ : पहिले दोन आठवडे लक्ष ठेवा

थोडी ढकलाढकली, तोंडाला तोंड लावून जोर काढणं हे चालतं, दोन-तीन दिवसांत मिटतं. पण एक मासा सतत वरच्या कोपऱ्यात, रंग काळवंडलेला, पंख कुरतडलेले, खायला येत नाही असं दिसलं तर "जमेल हळूहळू" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी मध्ये जाळीचा डिव्हायडर लावा किंवा मासा वेगळा काढा.

म्हणून खरेदीच्या वेळीच दुकानदाराशी बोलून ठेवा की जमलं नाही तर मासा परत घ्याल का. बरेच दुकानदार मोठे मासे अदलाबदलीत घेतात, नाहीतर मोठा टँक असलेल्या ओळखीच्या छंदी माणसाला द्या. नाल्यात, तलावात, धरणात मात्र कधीच सोडू नका. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अलिगेटर गार सापडला होता, तो तिथला मासा नाहीच, मूळचा उत्तर अमेरिकेतला. सकर एकदा धरणात रुजला की मच्छीमारांच्या जाळ्यात तोच अडकतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात भावही नसतो.