वेबसाइट स्वतः सांभाळायची? आधी एवढं जमवून ठेवा

पावसाळ्यात मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तारकर्लीचं स्कूबाही बंद असतं. आपल्या न्याहरी निवासाची वेबसाइट स्वतः बदलायला शिकायची तर हेच दिवस बरे. फक्त लॅपटॉप उघडायच्या आधी थोडी जमवाजमव करा.

सगळ्यात आधी साइट कोणाच्या नावावर आहे ते बघा. डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे तिची जागा. दोन्हीचे पैसे ठरलेल्या मुदतीने भरावे लागतात आणि त्याची आठवण नोंदवलेल्या ईमेलवरच येते. आमची साइट ज्या मुलाने करून दिली तो नोकरीसाठी मुंबईला गेला. पासवर्ड त्याच्याकडे, ईमेलही त्याचाच. त्याच वर्षी आमचा फोन नंबर बदलला आणि अख्खा डिसेंबर लोक बंद नंबरवर फोन करत राहिले. ऐन सीझनला खोल्या रिकाम्या बघणं काय असतं, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून डोमेन, होस्टिंग आणि ॲडमिनचं (साइटमध्ये बदल करायचं) लॉगिन, तिन्हीला घरचा ईमेल आणि घरचाच मोबाइल नंबर हवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोड मागणारी सोय, चालू करा.

मग मजकूर. तो आधी वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून काढा, कारण पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. खोल्यांचे दर, जेवणाचे दर, फोन नंबर, रस्ता, आणि पावसाळ्यात काय काय बंद असतं ते स्पष्ट शब्दांत. जुन्या पत्रकातला मजकूर डीटीपीवाल्याकडून आणणार असाल तर तो युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, मागा. श्रीलिपीसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर साइटवर नुसती गिचमिड दिसते. फोटो निवडून बारीक करून ठेवा. फोनवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, 1600 पिक्सेल रुंदीचा केला की काही शे केबीत बसतो आणि रेंज कमी असली तरी उघडतो.

पहिला सराव चालू पानावर नको. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं एक सॉफ्टवेअर) असेल तर नवं पान उघडून ते ड्राफ्टच, म्हणजे लोकांना न दिसणारं कच्चं पान, ठेवा आणि त्यात एक मथळा, एक परिच्छेद, एक फोटो, एक लिंक एवढंच करून बघा. मथळा नुसता ठळक करून भागवू नका, हेडिंग म्हणूनच निवडा. प्रिव्ह्यू फोनवरही बघा, पाहुणे बहुतेक फोनवरच बघतात. चुकलं तरी घाबरू नका, रिव्हिजनमध्ये जुनी प्रत असते, ती परत आणता येते.

आता दुसऱ्याला हात लावू देण्याचं. आपला पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, अगदी घरच्या पोरांनाही नाही. ज्याला काम करायचंय त्याचा ईमेल मागून घ्या आणि 'युझर्स'मध्ये त्याचं वेगळं लॉगिन करा. तिथे रोल, म्हणजे त्याला काय काय करता येईल ते, निवडावा लागतो आणि नवशिका अडतो तो इथेच. कॉन्ट्रिब्यूटर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही आणि त्याला फोटोही चढवता येत नाही. ऑथर आपल्या पोस्ट, म्हणजे वेळोवेळी टाकायचे लेख, प्रसिद्ध करतो, पण दराचं पान 'पेज', म्हणजे साइटचं कायमचं पान असतं, त्याला तो हात लावू शकत नाही. भाचीने दर बदलावेत असं वाटत असेल तर तिला एडिटर करा. ॲडमिनिस्ट्रेटर मात्र घरातलं एकच माणूस, फार तर दोन, कारण त्या रोलला इतरांना काढून टाकण्याचाही अधिकार असतो.

कोणाला कोणता रोल दिला आणि कधी, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. भाची शिकायला बाहेरगावी गेली, काम थांबलं, की तिचं लॉगिन काढा. काढताना वर्डप्रेस विचारतं, तिने लिहिलेलं पुसायचं की दुसऱ्याच्या नावावर करायचं. तिथे आपलं नाव निवडा आणि मगच बटण दाबा.