तबल्याचा रियाज अडकलाय? मग हे करून बघा

तबला शिकताना साधारण मध्यमा या मधल्या पातळीच्या परीक्षेच्या आसपास एक काळ हमखास येतो, रोज तास-दीड तास बसतोय, क्लास चुकवत नाही, तरी लय एका आकड्याच्या पुढे हलायलाच तयार नाही आणि मग वाटायला लागतं की हे आपल्या हातातच नाही. तर आधी एक ऐका, बऱ्याचदा या दिवसांत तुमचा कान हाताच्या पुढे गेलेला असतो. पूर्वी जे वाजवून खूश व्हायचात तेच आता कच्चं ऐकू येतं. शिकणं थांबलेलं नसतं.

आता कामाचं बोलू. कायदा म्हणजे तबल्याच्या बोलांची, धा-तिट अशा अक्षरांची, ठरलेली रचना; तो सगळा अडत नाही, त्यातली एक जागा अडते. 'धाधा तिट धाधा तीना, ताता तिट धाधा धीना' हा दिल्लीचा कायदा घ्या, समजा मिनिटाला 110 मात्रांच्या लयीला अडखळून मोडतोय. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) 60 वर आणा, दोन मिनिटं वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि तबल्यापासून लांब बसून ऐका, वाजवताना स्वतःचं नीट ऐकू येत नाही. ति मधल्या बोटाने आणि ट तर्जनीने वाजवत असाल तर बहुतेक वेळा गाठ तिटवरून पुढच्या धावर येताना सापडते, कारण ट पण तर्जनीचा आणि धा पण तर्जनीचा, त्या एकाच बोटाला शाईवरून, म्हणजे मधल्या काळ्या गोलावरून, उठून कडेच्या किनारीवर पोचायचंय. लय वाढली की ते उशिरा पोचतं आणि आपल्याला वाटतं हात जड आहे.

मग पूर्ण कायदा बाजूला ठेवा आणि फक्त 'तिटधा, तिटधा' घोळवा, अगदी ठाय, म्हणजे संथ लयीत, बोट गरजेपेक्षा जास्त वर उचलायचं नाही. स्वच्छ आलं की चार-पाचने वाढवा, खांदा वर चढायला लागला की परत खाली या. हे कंटाळवाणं आहे, पण बोल सुटतात ते इथेच.

पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, सोडू नका प्लीज. हाताने तीनताल (16 मात्रांचा ताल) धरून, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्याला खाली (टाळी न देता हात उघडा), तोच कायदा तोंडाने म्हणा. तोंडातही तिथेच अडखळत असेल तर दोष बोटांचा नाही, बोल डोक्यात पक्के नाहीत, अशा वेळी हात कितीही घासून उपयोग नाही.

आजारपण, बोर्डाची परीक्षा, नवी नोकरी, कशानेही खंड पडला असेल तर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करू नका. पहिला आठवडा नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, आणि साधे बोल, तेही थोडा वेळ. तबल्याच्या परीक्षेत नापास झाला असाल तर लेखी गेलं की प्रात्यक्षिक ते बघा, दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि त्या रागात लगेच गुरुजी बदलायला निघू नका.

मनगट किंवा कोपर खरंच दुखत असेल, नुसतं थकलेलं नाही, तर वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. 'दुखलं तरच हात तयार होतो' हे कोणीही सांगो, ऐकू नका.

एक वही ठेवा, तारीख, कायदा, किती लयीत स्वच्छ आला आणि कुठल्या बोलावर मोडला, बस्स एवढंच. पुढच्या क्लासला ती वही घेऊन जा आणि गुरुजींसमोर नेमकी तीच मोडणारी जागा वाजवा, चांगलं येतं ते नंतर.