संग्रहालयात क्यूआर, बीकन, ऑडिओ गाइड बसवताय? या चुका टाळा

उद्घाटनाच्या दिवशी सगळं चालतं. पाहुणे कोड स्कॅन करतात, मूर्तीची माहिती मोबाइलवर उघडते, फोटो निघतात. काही महिन्यांनी तोच कोड स्कॅन केला की ‘पान सापडत नाही’ असं येतं, आणि शाळेची सहल तिथून मुकाट्याने पुढे सरकते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. ते नंतर कोणी सांभाळायचं हेच ठरलेलं नसतं.

छापलेले कोड एका दिवसात निकामी होतात

फुकटात ‘डायनॅमिक’ क्यूआर बनवून देणाऱ्या वेबसाइट बऱ्याच आहेत. असा कोड आधी त्या कंपनीच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या पानावर येतो. मोफत मुदत संपली की मधला दुवा तुटतो आणि सगळ्या पाट्या एकदम बाद होतात. म्हणून कोडमध्ये संग्रहालयाच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता घाला आणि त्याच्या शेवटी वस्तूचा नोंदवहीतला क्रमांक. दालन बदललं, वेबसाइट नव्याने बांधली, तरी नोंद क्रमांक बदलत नाही.

पान जिवंत असूनही कोड वाचला जात नसेल तर त्याच्या कडा पाहा. कोडभोवती त्याच्याच चार बारीक चौकोनांएवढी मोकळी पट्टी लागते. डिझाइन सुबक करण्याच्या नादात नेमकी तीच कापली जाते. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते, तेव्हा मॅट छपाई घ्या. कागदावरची चित्रं आणि जुनी वस्त्रं यांच्या दालनात प्रकाश मंद, साधारण 50 लक्सच ठेवतात, तिथे कोड थोडा मोठा हवा. ढोबळ हिशेब असा: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या भागाइतकी कोडची रुंदी, म्हणजे दीड मीटरला 15 सेंटीमीटर. आणि कोड काचपेटीच्या मधोमध चिकटवू नका, नाहीतर एकाचं स्कॅन होईपर्यंत मागच्यांना वस्तूच दिसत नाही.

वायफाय आहे, पण ओटीपी येत नाही

आपली कित्येक संग्रहालयं राजवाड्यांत, वाड्यांत, जाड दगडी भिंतींच्या इमारतींत आहेत. अशा भिंतींआड मोबाइलचं नेटवर्क क्षीण होतं, म्हणून वायफाय बसवलं जातं. ते सुरू करायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी यायला तेच नेटवर्क लागतं! परदेशी पाहुण्याकडे तर भारतीय नंबरही नसतो. संग्रहालयाची स्वतःची पानं लॉगिनशिवाय उघडतील अशी सोय नेटवर्क बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी करून घ्या. दुसरा उपाय आणखी सोपा आहे. बोलण्याचा आवाज 64 केबीपीएसवर साठवला तर दोन मिनिटांची फाइल जेमतेम 1 एमबी होते. तीस वस्तूंचा पूर्ण ऑडिओ 30 एमबीत मावतो, तो तिकीट खिडकीपाशीच डाउनलोड करू द्या. निव्वळ ऐकण्यासाठी मोबाइल नंबर आणि जन्मतारीख मागू नका.

बीकन शेजारच्या दालनाची माहिती सांगतो

बीकन म्हणजे भिंतीवर लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र; त्याच्या सिग्नलवरून फोनमधलं ॲप पाहुणा कुठे आहे ते ओळखतं. तो 2.4 गिगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो. माणसाचं शरीर तो सिग्नल शोषतं, पातळ पार्टिशन मात्र त्याला अडवत नाही. त्यामुळे गर्दीत समोरचा बीकन क्षीण वाटतो, पलीकडच्या दालनातला जवळचा, आणि शिल्पासमोर उभ्या माणसाला नाण्यांची गोष्ट ऐकू येते. एकेका वस्तूसाठी बीकनवर विसंबू नका; ‘तुम्ही कोणत्या दालनात आहात’ एवढंच त्याच्यावर सोपवा. तो लोकांच्या डोक्यांपेक्षा उंच लावा, सिग्नलची ताकद कमी करा, आणि ॲपला काही सेकंदांची सरासरी काढूनच निर्णय घेऊ द्या. बीकनमधला बटण सेल कधी ना कधी संपणारच. तो कोण बदलेल त्याचं नाव कागदावर हवं.

एनएफसी टॅग, म्हणजे फोन टेकवला की माहिती उघडणारी चिप, धातूच्या चौकटीवर थेट चिकटवला तर वाचला जात नाही, धातूसाठी वेगळे टॅग मिळतात. शिवाय स्वस्त फोनमध्ये बहुधा एनएफसी नसतंच, तेव्हा सोबत क्यूआर ठेवा.

पाट्या काढून टाकणं

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या ‘मोना’ संग्रहालयाने 2011 मध्ये भिंतीवरच्या पाट्या ठेवल्याच नाहीत, हे खरं. पण तिथे ‘द ओ’ नावाचं उपकरण संग्रहालयच हातात देत होतं. आपण लोकांच्या स्वतःच्या फोनवर अवलंबून असतो. बॅटरी संपलेल्या, साधा फोन असलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही तिकीट तेवढंच पडतं. मोठ्या अक्षरांतली मराठी पाटी राहू द्या.

न्यूयॉर्कच्या कूपर हेविट संग्रहालयाने 2015 मध्ये तिकिटासोबत एक पेन द्यायला सुरुवात केली होती. वस्तूच्या पाटीवरच्या खुणेला ते टेकवलं की वस्तू आपल्या यादीत जमा होई आणि घरी गेल्यावर तिकिटावरच्या कोडने ती यादी उघडता येई. पाहताना स्क्रीनमध्ये मान घालायची वेळच येत नसे. त्याच वर्षी ब्रुकलिन संग्रहालयाने ‘आस्क’ ॲप आणलं. त्यात बीकन फक्त पाहुणा कुठे आहे ते कळवायचे. प्रश्नांची उत्तरं लिहायला कलेची जाणकार माणसं बसलेली असत. दोन्हीकडे यंत्राने नजर वस्तूकडेच राहू दिली, म्हणून मला ते प्रयोग मोलाचे वाटतात.

आपला ऑडिओही याच कसोटीवर तपासा. ज्ञानकोशातला उतारा वाचून दाखवू नका आणि यंत्राने केलेलं भाषांतर तसंच ध्वनिमुद्रित करू नका. ‘मुठीवरचा मोर पाहा, त्याची चोच झिजली आहे’ असं बोट धरून दाखवा आणि मग थांबा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांसमोर एखाद्या आजीला नातवाला स्वतःहूनच बरंच सांगायचं असतं. तिला ते सांगू द्या.

शेवटची गोष्ट दालनातल्या कर्मचाऱ्यांची. फोन चालला नाही की लोक त्यांनाच विचारतात, आणि प्रशिक्षणाला मात्र फक्त कार्यालयातली मंडळी बसतात. कर्मचाऱ्यांना आधी शिकवा. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी प्रत्येक कोड एका साध्या, जुन्या फोनवर स्कॅन करून पाहायला सांगा आणि बिघाड लिहायला तिकीट खिडकीजवळ वही ठेवा. ती वही कोणत्या अधिकाऱ्याने वाचायची, हेही ठरवून टाका.