बॅक्टेरिया पेनिसिलिन फोडतो का, लॅबमध्ये कसं बघायचं
पेनिसिलिन म्हणजे बॅक्टेरियासाठी विषच, पण काही बॅक्टेरिया बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवतात, ते पाण्याच्या मदतीने औषधातली चौकोनी रिंग फोडतं आणि औषध निकामी (अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच दाखवलेलं हे!). तर नायट्रोसेफिनची डिस्क घ्या (या रसायनातली तशीच रिंग फुटली की त्याचा रंग बदलतो), निर्जंतुक पाण्याच्या थेंबाने ओली करा, जास्त नको, आणि लूपने (तारेच्या कड्याने) बॅक्टेरियाची ताजी कॉलनी उचलून त्यावर घासा. पिवळ्याचा लाल झाला की एन्झाइम आहे. हिमोफिलस या बॅक्टेरियामध्ये रंग काही मिनिटांत येतो, स्टॅफला (स्टॅफिलोकोकस) मात्र तासभर द्या, घाईत निगेटिव्ह लिहू नका प्लीज. कंट्रोल दोन्ही, म्हणजे एन्झाइम नक्की बनवणारा आणि न बनवणारा बॅक्टेरिया, सोबत लावाच. आणि रंग नाही आला म्हणजे औषध चालेलच असं नाही, एमआरएसए (मेथिसिलिन या औषधाला दाद न देणारा स्टॅफ) वेगळ्याच वाटेने वाचतो, सेन्सिटिव्हिटी टेस्ट (कोणतं औषध चालतं ते बघायची चाचणी) कराच.