किचनच्या कपाटांच्या जुन्या शटरना (दारांना) रंग देताना

रंगाचं नंतर, आधी तेल काढा. शेगडीवरच्या शटरवर फोडणीचा चिकट थर बसतो. बोट फिरवलं की पिवळं येतं. त्यावरच मारलेला रंग पापडासारखा सुटतो. माझ्या पहिल्या कामात सुटला, सगळी शटरं पुन्हा खरवडावी लागली.

शटर उतरवा, बिजागरीच्या खळग्यात पेन्सिलने नंबर घालून टेप लावा. कोमट पाण्यात वॉशिंग सोडा घालून धुवा, साध्या पाण्याने दोनदा पुसा, खडखडीत वाळू द्या. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. प्रायमर, खड्ड्यांना लांबी (भरायची पुट्टी), ३२० च्या पेपरचा हलका हात, पुन्हा प्रायमर, शेवटी रंगाचे दोन पातळ हात. कडा आधी रंगवा, ओघळ तिथेच धरतो. भर पावसाळ्यात हे काम मी घेतच नाही.