स्किल संपलं, इफेक्ट उरला: स्क्रीनवर रेंगाळणारा झगमगाट कसा आवरावा

ऑनलाइन गेममध्ये बॉस, म्हणजे सगळ्यात दांडगा शत्रू, पडायला आलेला असतो, पार्टीतल्या म्हणजे आपल्या गटातल्या सगळ्यांची स्किल्स (खास हल्ले आणि मंत्र) एकदम सुटतात आणि स्क्रीनवर आग, विजा, हिरवा धूर यांचा असा खच पडतो की आपण कुठे उभे आहोत तेच दिसत नाही. हेडसेटमधून कुणीतरी ओरडतं, "अरे, आगीतून बाहेर ये ना!" ती आग आपल्या हीलरची (गटाला बरं करणाऱ्याची) की बॉसची, हे कळेपर्यंत कॅरॅक्टर आडवं झालेलं असतं. मग पुष्कळ जण वैतागून सगळे इफेक्ट बंद करून टाकतात. कृपया तसं करू नका. मारणारा इफेक्ट कोणता आणि नुसता पसरून राहिलेला कोणता, हे आधी ओळखा. मंद करायचा तो दुसरा. पहिला जितका ठळक दिसेल तितका चांगला.

आधी ओळख करून घ्या

स्किलचा इफेक्ट म्हणजे शेकडो बारीक कणांचा घोळका. प्रत्येक कणाला आपलं आयुष्य असतं: जन्मतो, तरंगतो, फिका होतो, विरतो. कॉम्प्युटर ग्राफिक्समधली ही पद्धत विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ मध्ये शोधनिबंधातून मांडली, आणि आजही बहुतेक गेम तीच वापरतात. हे कण रंगवतो तुमचा पीसी किंवा फोन. डॅमेज किती आणि कुणाला, हा हिशोब मात्र ऑनलाइन गेममध्ये सहसा सर्व्हरवर, म्हणजे गेम कंपनीच्या कॉम्प्युटरवर होतो. चित्र एकीकडे आणि हिशोब दुसरीकडे असल्यामुळे दोघांची वेळ जुळेलच असं नाही. लवंगी फुटून गेल्यावरही धूर चाळीच्या गॅलरीत घुटमळतो, तसं हे आहे.

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये ही फट स्पष्ट दिसते. हल्ला कुठे पडणार ते दाखवणारा जमिनीवरचा नारिंगी पट्टा नाहीसा होतो त्याच वेळी कोण आत होतं हे ठरून जातं. स्फोट त्यानंतर दिसतो. म्हणून पट्टा गेल्यावर पळालात तरी मार बसतो, आणि बाहेर असलेला माणूस पट्टा गेल्यावर त्या भडकत्या स्फोटात खुशाल चालत गेला तरी त्याला काही होत नाही. या गेमची डेटा सेंटर्स (सर्व्हर ठेवलेली ठिकाणं) जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात आहेत, भारतात नाहीत. मुंबईतून खेळताना तुमची हालचाल तिथवर पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे पट्टा दिसत असतानाच, शेवटच्या क्षणाची वाट न बघता बाहेर पडायची सवय लावा.

व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमचं गणित वेगळं. त्याचा सर्व्हर मुंबईतच आहे, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी असतं, आणि जमिनीवर आग दिसतेय तोवर ती भाजतेय असंच धरून चालावं. तिथे प्रश्न असतो तो आग कुणाची याचा. फिनिक्स या पात्राने टाकलेली आग त्याला स्वतःला बरं करते आणि बाकीच्यांना जाळते. ब्रिमस्टोन या दुसऱ्या पात्राचा धूर फक्त नजर अडवतो, पण शत्रूकडच्या वायपर या पात्राच्या विषारी ढगात शिरलात तर हेल्थ उतरायला लागते. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये स्मोक, म्हणजे धुराच्या बॉम्बचा ढग, सगळ्या खेळाडूंना सारखाच दिसतो, गोळ्यांनी त्यात क्षणभर भोक पडतं, आणि पेटलेल्या मोलोटोव्हवर (आग लावणाऱ्या बाटलीवर) स्मोक टाकला की आग विझते.

हे पाठ करत बसू नका, करून बघा. मित्राला घेऊन प्रायव्हेट मॅच लावा. त्याला एकेक स्किल टाकायला सांगा, तुम्ही त्यात उभे राहा, आणि ज्वाळांकडे न बघता हेल्थच्या पट्टीकडे बघा. पट्टी उतरायची थांबली आणि धूर मागे उरला, की तो नुसता देखावा आहे हे डोळ्यांत बसतं. रविवारच्या एका दुपारी मुख्य स्किल्स सहज होतात.

मग सेटिंग, आणि तीही या क्रमाने

सुरुवात दुसऱ्यांच्या इफेक्टपासून करा. फायनल फँटसीत कॅरॅक्टर कॉन्फिगरेशनमध्ये बॅटल इफेक्ट्स सापडतील. स्वतःचे, पार्टीचे आणि इतरांचे असे वेगळे पर्याय आहेत. माझा सल्ला: स्वतःचे पूर्ण, पार्टीचे मर्यादित, इतरांचे बंद. पार्टीचेही पूर्ण बंद करण्याचा मोह आवरा, हीलरने जमिनीवर टाकलेलं कवच तुम्हाला दिसायला हवं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये स्पेल डेन्सिटी (मंत्रांच्या इफेक्टची दाटी) खाली आणा, पण प्रोजेक्टेड टेक्स्चर्सला (जमिनीवर उमटणाऱ्या चित्रांना) हात लावू नका. ते बंद केलं की जमिनीवरची कित्येक धोक्याची वर्तुळंच गायब होतात, आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढवायच्या नादात नेमकं तेच बंद करणारे खूप जण आहेत. गिल्ड वॉर्स २ मध्ये इफेक्ट एलओडी चालू करा, पाथ ऑफ एक्झाइलमध्ये डायनॅमिक कलिंग; दोन्ही सेटिंग्ज इफेक्टची गर्दी कमी करतात.

त्यानंतर ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी) आणि मोशन ब्लर (हालचालीतला पुसटपणा) बंद करा. खेळाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

शेपूट कुठून येते ते तपासा

कधीकधी गोळ्याच्या किंवा तलवारीच्या मागे पुसट शेपूट राहते आणि ती गेमने मुद्दाम काढलेली नसते. असं असेल तर स्क्रीनशॉट घ्या. शेपूट स्क्रीनशॉटमध्येही असेल तर दोष चित्र तयार होतानाच आलेला आहे. बहुतेक वेळा तो टीएए (कडा गुळगुळीत करण्याची एक पद्धत) किंवा अपस्केलिंगचा (लहान चित्र मोठं करण्याचा) असतो, कारण ही तंत्रं आधीच्या फ्रेम नव्या फ्रेममध्ये मिसळतात आणि वेगवान कणांचा माग मागे उरतो. अँटी-अलायझिंगचा, म्हणजे कडा गुळगुळीत करण्याचा, प्रकार बदलून बघा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर मात्र दोष मॉनिटरचा. व्हीए पॅनेलवर (मॉनिटरच्या पडद्याचा एक प्रकार) गडद रंग बदलायला वेळ लागतो, म्हणून काळोख्या डन्जनमध्ये (गेममधल्या तळघरात) सगळं फरफटल्यासारखं दिसतं. मॉनिटरच्या मेन्यूतलं ओव्हरड्राइव्ह (रंग झटपट बदलायला लावणारी सेटिंग) एक पायरी वाढवा. लॅमिंग्टन रोडवर वापरलेला मॉनिटर घेणार असाल तर दुकानातच काळ्या पार्श्वभूमीचा वेगवान व्हिडिओ लावून बघा, आणि मगच पैसे द्या.

फ्रेम पडत असतील तर

धूर पारदर्शक असतो. भिंतीमागचं काही रंगवावं लागत नाही, पण धुरामागचं सगळं रंगवून त्यावर धुराचे थर एकावर एक चढवावे लागतात. एकच पिक्सेल अनेकदा रंगवला जातो आणि ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं. म्हणून अशा वेळी टेक्स्चर (वस्तूंवरच्या चित्रांचा बारकावा) कमी करून फारसा फरक पडत नाही. आधी पार्टिकल क्वालिटी (कणांचा दर्जा) कमी करा, मग रेंडर स्केल (चित्र किती बारकाईने रंगवायचं ते). मे महिन्यात पंख्याखाली, एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो, तेव्हा फ्रेमवर ६० ची मर्यादा घातलेली बरी.

इफेक्ट अडकूनच राहिला तर

बॉस मेला, मॅच संपली, तरी पायाखाली वर्तुळ फिरतंय. स्किल संपल्याचा निरोप तुमच्यापर्यंत आला नाही, किंवा गेम तो इफेक्ट पुसायला विसरला. लोकलमध्ये फोनवर खेळताना नेटवर्क तुटून परत जोडलं जातं, तेव्हाही असं होऊ शकतं. आधी दुसऱ्या भागात जाऊन परत या. नाहीच गेलं तर लॉगआउट करून पुन्हा आत या. वॉरक्राफ्टमधल्या रीलोड कमांडने फक्त इंटरफेस नव्याने उभा राहतो, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. तरीही तसंच असेल तर लाँचरमधून (गेम सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) फायली तपासून दुरुस्त करा. इफेक्ट काढून टाकणाऱ्या बाहेरच्या फायली मात्र गेममध्ये घालू नका. अकाउंट कायमचं जाऊ शकतं.

झगमगाटाने डोळे दुखत असतील, गरगरत असेल, तर ते सोसत खेळू नका. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. वेबसाठीच्या सुलभता नियमांतही सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळायला सांगितलं आहे. खोलीत दिवा लावून खेळा, ब्राइटनेस उतरवा, आणि घरात कुणाला फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

अडकलेला इफेक्ट वारंवार दिसत असेल तर गेमच्या सपोर्टकडे कळवा. 'इफेक्ट जात नाही' एवढ्यावर त्यांना काही शोधता येत नाही. कोणतं स्किल, कुणी टाकलं, कोणत्या नकाशावर, तेव्हा पिंग किती होतं, गेमची आवृत्ती कोणती आणि लॉगआउट केल्यावर गेला का, हे लिहा. सोबत छोटी क्लिप जोडा, आणि ती स्किल टाकायच्या थोडी आधीपासून सुरू होईल असं बघा.