अंगणवाडीच्या वजनकाट्यापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

‘आमच्या गावात पोरं फार अशक्त आहेत’ असं ग्रामसभेत सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि चर्चा पाण्याच्या टाकीवर जाते. ‘सहा वर्षांखालची 84 मुलं, मोजली 79, तीव्र कुपोषित 7, त्यातली 5 एकाच पाड्यावरची’ असं सांगितलं तर मात्र उत्तर द्यावं लागतं. (आकडे उदाहरणादाखल.)

सुरुवात 84 पासून करा, 7 पासून नव्हे. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाइल अ‍ॅप) नोंदलेली मुलं म्हणजे गावातली सगळी मुलं नव्हेत. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांतली आणि दूरच्या पाड्यांवरची मुलं सुटतात, आणि कुपोषण बहुधा त्यांच्यातच जास्त असतं. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, नर्सताईंची लसीकरणाची यादी आणि अंगणवाडीचं रजिस्टर समोरासमोर ठेवून घरोघर पडताळा.

मग मोजमाप. नुसत्या वयानुसार वजनावर थांबू नका. त्यात बुटकं मूल (वयाच्या मानानं उंची कमी) आणि रोडावलेलं मूल (उंचीच्या मानानं वजन कमी) एकाच रकान्यात पडतं. तातडीचा धोका ओळखायला उंचीनुसार वजन लागतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून, त्यावरच्याची उंची उभं करून घ्या. उभ्यानं माप साधारण 0.7 सेंटिमीटरनं कमी भरतं, त्यामुळे पद्धत चुकली की वर्गवारीही चुकू शकते. लांबी घ्यायला दोन माणसं हवीतच: एक डोकं धरायला, दुसरं गुडघे सरळ करून पाटी टेकवायला. काटा सपाट जागी ठेवा, शून्य तपासा, दुकानातलं 5 किलोचं माप ठेवून पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेरही घ्या, 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला तर ती सूज आहे. असं मूल, किंवा ताप असलेलं, जेवायला नकार देणारं तीव्र कुपोषित मूल त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आकडेवारी नंतर.

आकडे कमी का दिसतात याचं एक कारण उघड बोलायला हवं. जास्त कुपोषित मुलं नोंदवणाऱ्या अंगणवाडी सेविकेलाच बैठकीत बोलणी बसतात. म्हणून मोजणी तिच्यासोबत करा, तिच्यावर पहारा म्हणून नाही. जास्त मुलं सापडली तर ते तिच्या कामाचं यश आहे, हे ग्रामसभेत तुम्हीच आधी सांगा.

राज्याचं चित्रही जवळ ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची रोडावलेली मुलं 2015-16 मध्ये 25.6 टक्के होती आणि 2019-21 मध्येही तेवढीच. तीव्र रोडावलेली मात्र 9.4 वरून 10.9 टक्क्यांवर गेली. तालुक्याच्या अहवालात हे प्रमाण नगण्य दिसलं तर आनंद मानण्याआधी उंची कशी मोजली ते विचारा. हे सर्वेक्षण गावाचा आकडा देत नाही, तेव्हा तो टक्का आपल्या गावावर चिकटवू नका. चाळीस मुलांच्या गावात टक्के नकोतच, मुलांची संख्या सांगा. जुलैची तुलना जानेवारीशीही करू नका. पावसाळ्यात आजार आणि घरातली टंचाई यांमुळे वजनं घसरतात.

मागणी ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच करा. ग्राम बाल विकास केंद्र (कुपोषित मुलांना गावातच जादा आहार आणि देखरेख देणारं) सुरू करायचं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. ग्रामपंचायतीकडे स्वउत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. पेसा गावांना (पेसा कायदा लागू असलेली आदिवासी भागातली गावं) आदिवासी उपयोजनेतून 5 टक्के थेट निधीही मिळतो. हे पैसे कशावर गेले ते माहिती अधिकारात विचारा: 10 रुपये शुल्क, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘मागील तीन आर्थिक वर्षांतील महिला व बालकल्याण खर्चाची प्रमाणके (व्हाउचर)’ एवढंच पुरे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

वेळ चुकली तर सगळं वाया जातं. पुढच्या वर्षीचा गावविकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या सुमारास आकार घेतो. मार्चमध्ये मागाल तर पैसे वाटून झालेले असतात. आधी महिला सभेत विषय मंजूर करून घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती; तेवढी माणसं जमवणं तुमचं काम. मुलांची नावं सभेत कधीही वाचू नका. लहान पाड्यावर एकच मूल असेल तर पाड्याचं नावही टाळा, कारण घर लगेच ओळखू येतं आणि ती आई पुढच्या वेळी मूल मोजायला आणत नाही.

ठरावात रक्कम, तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं पद, तिन्ही लिहून घ्या. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ हे शब्द दिसले की तिथेच हरकत घ्या. इतिवृत्ताची प्रत मागा आणि पुढच्या सभेत मागच्या ठरावांचा विषय येईल तेव्हा ती नव्या मोजणीसह हातात ठेवा.